ह्यांची नंबरांची वही

मुलांच्या अब्बांचा इंतकाल गेल्या जूनमध्ये झाला. पहिला पाऊस पडून गेला होता आणि ओट्यावर चपलांचा ढीग पडला होता, एवढंच मला आठवतं. बाकीचं धाकटीला विचारावं लागतं. थोरला मस्कतला. तो दफनविधीला पोहोचू शकला नाही. दहा दिवसांनी आला, पंधरा दिवस राहिला आणि रजा संपताच परत गेला. मग मिरजेच्या त्या घरात मी आणि धाकटी अशा दोघीच उरलो, आणि माझी इद्दत.

ह्यांची टायपिंगची संस्था होती. आधी लोखंडी टाइपरायटर, मग पुढच्या खोलीत सहा कंप्युटर. लग्न होऊन आले तेव्हा मी दहावी पास होते. मला ह्यांनीच टायपिंग शिकवलं, परीक्षेला बसवलं, आणि पुढे मुलींची बॅच माझ्याकडेच दिली. फीची वहीही माझ्याकडे असायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला तो पुन्हा सुरू झाला नाही. पाच कंप्युटर विकले, एक ठेवला. त्यावर हे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. पेन्शन वगैरे काही नव्हतं. म्हणून ऑगस्टमध्ये धाकटीला पुण्याच्या एका कंपनीचं नेमणूकपत्र आलं तेव्हा मी दोन रकात शुक्राण्याची नमाज पढले. काम घरून करायचं होतं. कंपनीने लॅपटॉप कुरियरने पाठवला. सोमवारी सकाळी नऊ वाजता कामावर हजर व्हायचं. घरचं इंटरनेट नीट चालत नसेल तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसावं लागेल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं.

लॅपटॉप गुरुवारी आला. धाकटीने उघडला, वायफायचा पासवर्ड टाकला, आणि तो गोल गोल फिरत राहिला. शेवटी इंग्रजीत एक वाक्य आलं, ज्याचा अर्थ असा की वायफाय जोडलंय पण त्याचा आयपी पत्ता योग्य नाही. बंद करून चालू केलं, राउटरचं बटण बंद-चालू केलं, लॅपटॉप राउटरच्या शेजारी नेऊन ठेवला. तेच वाक्य.

गंमत म्हणजे त्याच वेळी माझा जुना मोबाइल त्याच वायफायवर अगदी व्यवस्थित चालला होता. माझी बहीण इचलकरंजीहून व्हिडिओवर बोलत होती आणि मागे धाकटी डोक्याला हात लावून बसलेली तिला दिसत होती.

शुक्रवारी केबलवाल्याकडे तक्रार नोंदवली. घरात पुरुषमाणूस नाही, मी इद्दतीत, म्हणून शेजारच्या चाची धाकटीसोबत पुढच्या खोलीत येऊन बसल्या आणि मी पडद्याआड. आलेला मुलगा विशीतला असावा. त्याने भिंतीवरच्या पांढऱ्या डबीचे दिवे पाहिले. तारेतून प्रकाश येतो आहे हे दाखवणारा दिवा हिरवा, लाल दिवा विझलेला. मग त्याने डबीतून निघालेली वायर आमच्या राउटरमधून काढून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि स्पीड दाखवला. "आमच्याकडून लाइन ओके आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये प्रॉब्लेम आहे," म्हणाला. चाचींनी विचारलं, मग ह्या पोरीच्या नव्या मोबाइललाही वायफाय का लागत नाही? तो प्रश्न मला सुचला नव्हता. धाकटीने जुलैमध्ये नवा मोबाइल घेतला होता, आणि त्याला वायफाय धरत नव्हतं म्हणून ती गुपचूप मोबाइलच्या डेटावरच भागवत होती. स्क्रीनवर "आयपी पत्ता मिळवत आहे" एवढंच यायचं. मोबाइल स्वस्तातला आहे, त्याचाच दोष, असं आम्ही धरून चाललो होतो.

मुलाने राउटर उलटा केला, त्याच्या मागचं बारीक भोक दाखवलं. "पिन टोचून रिसेट मारतो. सगळं नवं होईल."

पडद्याआडून मी विचारलं, "सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं सेटिंग जाईल. मग तुमचा युजर आयडी-पासवर्ड परत टाकायचा."

"तो तुमच्याकडे आहे?"

त्याच्याकडे नव्हता. त्याने ऑफिसला फोन लावला. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलता येईल, त्यांना फोन द्या.

खोलीत कोणी काही बोललं नाही. मुलाने फोन कानाचा काढला आणि हळूच म्हणाला, "ते आता नाहीत मॅडम." पलीकडून उत्तर आलं की मग नाव बदलण्याचा अर्ज करा, मृत्यूचा दाखला जोडा, आठ दिवस लागतील. तो बिचारा वायर परत राउटरमध्ये लावून, चहा न घेता निघून गेला. मी पडद्याआडून नाही म्हटलं नसतं तर माझा मोबाइलही त्या दिवसापासून बंद पडला असता, आणि आठ दिवस घरात काहीच चाललं नसतं.

त्या रात्री धाकटी म्हणाली, "अम्मी, मी त्यांना नाही म्हणून कळवते. तुला एकटीला टाकून पुण्याला कशी जाऊ?" मोबाइलचा हॉटस्पॉट तिने करून पाहिला होता. आमच्या गल्लीत पाऊस पडला की मोबाइलचं नेटवर्क एक कांडी दाखवतं. कंपनीच्या चाचणी मीटिंगमध्ये ती तीन वेळा तुटली होती. मी तिला म्हटलं, सोमवारपर्यंत काही कळवायचं नाही.

थोरला शनिवारी ड्यूटीवरून आल्यावर फोनवर होता. तो तिथे विजेचं काम करतो, पण नेटवर्कच्या वायरी ओढून ओढून त्याला बरंच कळतं. त्याने धाकटीला लॅपटॉपमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघडायला सांगितल्या आणि तिथे लिहिलेला आकडा वाचायला लावला. तो १६९.२५४ ने सुरू होत होता. "बस, कळलं," थोरला म्हणाला. "हा नंबर कोणी दिलेला नाही. कोणीच नंबर देत नाही असं पाहून लॅपटॉपने स्वतःच स्वतःला लावून घेतलाय."

मग त्याने मला समजावून सांगितलं. (घरी आम्ही दखनीत बोलतो, पण कंप्युटरचं बोलणं निघालं की कोण जाणे का, मराठीवर येतो. क्लासची सवय.) घरात जे जे यंत्र वायफायला जोडतं त्या प्रत्येकाला एक नंबर लागतो, जसा क्लासात हजेरी नंबर. दोघांचा नंबर एक असून चालत नाही. हे नंबर वाटायचं काम राउटरचं. त्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. १९९३ मध्ये तिचा पहिला नियम छापला गेला आणि १९९७ मधला सुधारलेला नियम आजही पाया म्हणून चालतो. त्याआधी ऑफिसांमध्ये एखादा माणूस वही घेऊन प्रत्येक कंप्युटरवर हाताने नंबर घालत फिरायचा, निदान बऱ्याच ठिकाणी.

तो सांगत होता ती रीत मला अगदी रिश्ता जुळवण्यासारखी वाटली. नवं यंत्र आधी साऱ्या घराला ऐकू जाईल असं विचारतं, कोणी नंबर देणारं आहे का? राउटर म्हणतो, माझ्याकडे हा आहे. यंत्र म्हणतं, हाच मला द्या. मग राउटर कबूल म्हणतो आणि नोंद करून ठेवतो. चार बोलणी, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत. फरक एवढाच की हे नातं कायमचं नसतं. नंबर भाड्याने मिळतो, बहुतेक घरगुती राउटरवर काही तासांच्या किंवा दिवसाच्या मुदतीने, आणि निम्मी मुदत सरली की यंत्र स्वतःच मुदत वाढवून मागतं. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारासारखं, फक्त घरमालकाच्या पाया पडायला लागत नाही.

"आपल्या लॅपटॉपने विचारलं," थोरला म्हणाला, "पण घरातून कोणीच उत्तर दिलं नाही. राउटर बिघडला असेल. नवा घ्या."

"बिघडला असता तर माझा मोबाइल कसा चालला असता?" मी विचारलं. ह्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला सकाळी चारला उठायचं होतं.

फजरनंतर मला झोप लागत नाही. त्या रविवारीही लागली नाही. तसबीह हातात, आणि डोक्यात तेच: नंबर देणारा कोणी नाही. मग एकदम ईद आठवली. दर ईदला माझी भावंडं मुलाबाळांसह यायची. पोरं आल्या आल्या वायफायचा पासवर्ड मागायची, आणि हे पासवर्ड कोणालाच सांगायचे नाहीत. "आणा इकडे मोबाइल," म्हणायचे. चष्मा लावून, एक जुनी वही उघडून, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये काहीतरी टाइप करत बसायचे. शीरखुर्मा गार व्हायचा. मी चिडायचे. माझी बहीण म्हणायची, भाईजानना पासवर्डचीसुद्धा कंजूषी. तेही हसायचे, पण वही सोडायचे नाहीत.

ती वही कंप्युटरच्या टेबलाच्या खालच्या खणात होती, फीच्या वह्यांच्या खाली. जूनपासून तो खण मी उघडला नव्हता. ह्यांचं अक्षर टायपिंगवाल्याचं, बारीक आणि सरळ. डाव्या बाजूला नंबर, उजव्या बाजूला नाव. २ पुढचा कंप्युटर. ३ पासून ७ पर्यंत क्लासचे, विकल्यावर एका रेघेत खोडलेले, आणि मोकळ्या झालेल्या ६ समोर नंतर लिहिलेलं "प्रिंटर". ११ माझा मोबाइल. १२ धाकटीचा, म्हणजे तिचा जुना. १३ थोरल्याचा. तो तीन वर्षांतून एकदा यायचा, पण १३ दुसऱ्या कोणाला दिलेला नव्हता. पुढे माझ्या भाचरांची नावं, १४ पासून २६ पर्यंत. त्याच्या खाली कोऱ्या ओळी.

आणि मग तो दिवसही आठवला, ज्या दिवसापासून ही वही सुरू झाली. क्लास भरात असताना एका विद्यार्थ्याने घरचा जुना राउटर आणून आमच्या स्विचमध्ये खोचला होता, मागच्या बाकावर वायफाय चांगलं यावं म्हणून. हेतू चांगला होता. पण मग नंबर वाटणारे दोन झाले. काही कंप्युटरना आमच्या राउटरने नंबर दिले, काहींना त्याच्या राउटरने, आणि त्याच्याकडून ज्यांना मिळाले त्यांना बाहेरची वाटच सापडेना. सराव परीक्षा चालू होती. अर्धी मुलं अडकली. हे दोन तास टेबलाखाली वायरी शोधत होते. त्या रात्री ह्यांनी राउटरमधलं आपोआप नंबर वाटणं बंदच करून टाकलं आणि प्रत्येक यंत्राला स्वतः नंबर दिला. "वाटणारा एकच पाहिजे," एवढं म्हणाले होते. तो वाटणारा म्हणजे राउटर नव्हे, हे स्वतः होते. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. जूनपासून ह्या घरात नव्या यंत्राला नंबर देणारं कोणी उरलेलं नव्हतं. जुन्यांना ह्यांनी दिलेला होता, म्हणून ती चालत होती.

धाकटीला उठवलं. वहीतला पुढचा कोरा नंबर, २७, तिच्या नव्या मोबाइलमध्ये हाताने घातला. ह्यांनी पहिल्या पानावर बाकीचे आकडेही लिहून ठेवले होते, गेटवेचा १९२.१६८.१.१ वगैरे. वायफाय लागलं. ती रडली. मी नाही. मला लॅपटॉपची घाई होती.

पण लॅपटॉप कंपनीचा. त्यात हाताने नंबर घालायला गेलं की तो कंपनीच्या अधिकाऱ्याचा पासवर्ड मागायचा. म्हणजे त्याला नंबर हवा तर आपोआपच मिळायला हवा, आणि त्यासाठी ह्यांनी बंद केलेलं ते उघडायला हवं. पुढच्या कंप्युटरवर मी १९२.१६८.१.१ टाइप केलं. राउटरचं पान आलं, पासवर्ड मागितला. राउटरच्या तळाला छापलेला चालला नाही. धाकटीने ह्यांची जन्मतारीख, गाडीचा नंबर, सगळं घालून पाहिलं. पाच वेळा चुकल्यावर पान थोडा वेळ बंद झालं. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहिलं होतं: राउटर, धडा पहिला.

धाकटीला काही कळेना. तिने टायपिंग शिकलंच नाही, तिच्या पिढीने अंगठ्यांनीच लिहिलं. पण जी मुलगी कधी टायपिंगच्या क्लासला गेली आहे तिला पहिला धडा विसरता येत नाही. एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे. महिनाभर तेच. मी खुर्ची पुढे ओढली, बोटं ठेवली, आणि ती आपोआप चालली. पान उघडलं.

आत इंग्रजीत पुष्कळ काही होतं. लॅन नावाच्या भागात डीएचसीपी सर्व्हर, आणि पुढे "डिसेबल". ते "इनेबल" केलं, सेव्ह केलं. राउटरचे दिवे विझून पुन्हा लागले. लॅपटॉपचं वायफाय बंद करून चालू केलं, आणि अर्ध्या मिनिटात कंपनीचं पान उघडलं. चाचींना हाक मारून सांगितलं. त्या म्हणाल्या, इद्दतीत हे काय घेऊन बसलीस. मी म्हटलं, घराबाहेर पडायचं नाही एवढं मला माहीत आहे, घरात बसून राउटर उघडायचा नाही असं मला कोणी सांगितलेलं नाही. त्या हसल्या आणि पोह्यांचा डबा ठेवून गेल्या.

दुपारी धाकटीला काही कागद छापायचे होते. प्रिंटर चालू केला तर कागद निघेना, आणि इकडे लॅपटॉपचं नेट तुटू लागलं. माझा जीव पुन्हा खाली गेला. पण आता वही समोर होती. लॅपटॉपला मिळालेला नंबर पाहिला: ६. तो तर प्रिंटरचा! राउटरने २ पासूनच वाटायला सुरुवात केली होती. सकाळी प्रिंटर बंद होता, म्हणून त्याला ६ ची जागा रिकामी दिसली आणि त्याने ती लॅपटॉपला देऊन टाकली. ह्यांनी हाताने दिलेले नंबर राउटरला ठाऊकच नव्हते, ते फक्त वहीत होते.

थोरल्याला फोन लावला. तो जेवत होता. त्याने सांगितलं, दोन उपाय आहेत. एकतर घरातल्या सगळ्या यंत्रांमधले अब्बांचे नंबर काढून टाका, सगळ्यांना आपोआप घेऊ द्या. नाहीतर वाटायची सुरुवात पुढून करा. "पहिलं जास्त सोपं आहे अम्मी," तो म्हणाला, "कायमची कटकट जाईल." खरं होतं त्याचं. मी दुसरं केलं. त्याच पानावर सुरुवातीचा नंबर २ च्या जागी ५० केला, शेवटचा १००. पन्नासच्या खाली राउटरने हात लावायचा नाही. राउटर आणि लॅपटॉप दोन्ही पुन्हा चालू केले. लॅपटॉपला ५० मिळाला. प्रिंटरने कागद काढला.

तुमच्याकडे असं झालं तर पिन टोचण्याआधी एवढं बघा, की सगळीच यंत्रं अडली आहेत का एखादंच. एकच अडलं असेल तर दोष बहुधा त्या यंत्रात असतो. जुनी चालतात आणि नवी चालत नाहीत असं असेल, तर राउटर नंबर वाटतोय का ते पाहा. यंत्रांना हाताने नंबर दिलेले नसले तरी असं होऊ शकतं: वाटायला ठेवलेले नंबर थोडे असतात, घरात मोबाइल, टीव्ही, कॅमेरे वाढतात, आणि नंबर संपतात. वायफाय लांब पोचावं म्हणून जुना राउटर जोडला असेल तर त्या दुसऱ्यातलं वाटप बंद करा. आणि कनेक्शनचा युजर आयडी, राउटरचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. कनेक्शन कोणाच्या नावावर आहे तेही. आमच्याकडे नाव बदलायला आठ नाही, एकवीस दिवस लागले.

सोमवारी धाकटी पावणेनऊलाच लॅपटॉपसमोर बसली, ओढणी नीट करून. मी आत होते. नऊ वाजता तिचा आवाज ऐकू आला, येस सर, ऑडिबल सर. मी वही उघडली आणि २७ च्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं: ५० पासून पुढे आपोआप.

ऑक्टोबरच्या शेवटी माझी इद्दत संपली. पहिल्यांदा कब्रस्तानाच्या बाहेरून दुआ करून आले. दुसऱ्या दिवशी चाची म्हणाल्या, आमचंही नेट चार दिवसांपासून बंद आहे, तू येऊन बघ. वही काखेत मारून गेले. तिथे डबीवर लाल दिवा लागला होता. माळ्यावर उंदराने काचेची तार कुरतडली होती. ती जोडायला केबलवाल्याचाच मुलगा लागला. ह्या वेळी त्याने चहा घेतला.